विश्लेषण : चहाच्या कपावर फिरणारे स्टर्लिंग इंजिन वसईच्या उकाड्यात का थांबते? त्याचा वेग कसा वाढवायचा?

गरम चहाचा कप, त्यावर ठेवलेले तळहाताएवढे यंत्र आणि कोणतीही बॅटरी नसताना गरगर फिरणारे चाक. समाजमाध्यमांवर अशी चित्रफीत अनेकांनी पाहिली असेल. हे स्टर्लिंग इंजिनचे छोटे मॉडेल. ते ऑनलाइन तयार मिळते, जुळणीच्या संचातही मिळते आणि मेकॅनिकल इंजिनीअरिंगचे विद्यार्थी प्रकल्प म्हणून ते स्वतःही बनवतात. अडचण पुढे येते. चित्रफितीत अर्धा तास फिरणारे चाक घरी पाच मिनिटांत थांबते. स्वतः बनवलेले मॉडेल तर अनेकदा एक फेरीही पूर्ण करत नाही. परीक्षकांसमोर इंजिन हलेना, की पहिला उपाय म्हणून ज्योत मोठी केली जाते आणि तिथेच इंजिन बिघडते.

वसई-विरारसारख्या दमट किनारपट्टीवर ही अडचण आणखी वाढते. त्यामागचे कारण काय, सुधारणा कोणत्या क्रमाने कराव्यात आणि अशा इंजिनाकडून किती अपेक्षा ठेवावी, याचा हा आढावा.

स्टर्लिंग इंजिन म्हणजे काय?

मोटारसायकलच्या इंजिनात इंधन सिलिंडरच्या आत जळते. स्टर्लिंग इंजिनात उष्णता बाहेरून दिली जाते आणि आतली हवा कायम आतच राहते. तीच हवा पुन्हा पुन्हा तापते आणि थंड होते. त्यामुळे धूर सोडणारा सायलेन्सर नाही, झडपा नाहीत आणि स्फोटाचा आवाजही नाही. उष्णता कुठून येते याच्याशी इंजिनाला देणेघेणे नसते. स्पिरिटचा दिवा, ऊन, चहा किंवा तळहाताची ऊब, काहीही चालते.

स्कॉटलंडमधील धर्मोपदेशक रॉबर्ट स्टर्लिंग यांनी १८१६ मध्ये या इंजिनाचे पेटंट घेतले. १८१८ मध्ये त्यांचे एक इंजिन दगडाच्या खाणीतील पाणी उपसत होते. पुढे वाफेची आणि नंतर पेट्रोल-डिझेलची इंजिने, विजेच्या मोटारी आल्या आणि हे इंजिन मागे पडले. ब्रिटिशकालीन भारतात रॉकेलच्या दिव्यावर चालणारे गरम हवेचे पंखे वापरात होते, तेही याच तत्त्वावरचे.

चहाच्या कपावर चालणारा प्रकार मात्र बराच अलीकडचा. तत्कालीन युगोस्लाव्हियातील झाग्रेब विद्यापीठाचे प्रा. इव्हो कोलिन यांनी १९८३ मध्ये गरम पाण्यावर चालणारे इंजिन दाखवले. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे (रिव्हर फॉल्स) प्रा. जेम्स सेन्फ्ट यांनी ही कल्पना इतकी पुढे नेली, की त्यांचे एक मॉडेल अवघ्या अर्ध्या अंश सेल्सिअसच्या फरकावर फिरले. या टोकाला पोहोचताना त्यांना जास्त उष्णतेची गरज लागली नाही. इंजिनातील तोटा कमी करत करत ते तिथवर गेले.

आतमध्ये नेमके काय घडते?

चहावरच्या मॉडेलमध्ये खाली आणि वर ॲल्युमिनियमच्या दोन गोल चकत्या असतात. मधली भिंत ॲक्रिलिकची असते. आत थर्मोकोलसारख्या हलक्या पदार्थाची जाड चकती वर-खाली होते. तिला ‘डिस्प्लेसर’ म्हणतात. ती स्वतः शक्ती देत नाही. आतली हवा इकडून तिकडे ढकलणे एवढेच तिचे काम.

डिस्प्लेसर वर गेला की हवा खाली गरम चकतीपाशी येते, तापते आणि तिचा दाब वाढतो. हा दाब बाजूच्या छोट्या पिस्टनला बाहेर ढकलतो. डिस्प्लेसर खाली आला की हवा वरच्या थंड चकतीपाशी जाते, दाब उतरतो आणि पिस्टन आत ओढला जातो. फ्लायव्हील या धक्क्यांमधले अंतर भरून काढते. डिस्प्लेसर पिस्टनच्या पाव फेरी, म्हणजे ९० अंश पुढे चालतो.

हा दाब किती असतो, हे पाहिले की सारी अडचण समजते. चहावरच्या मॉडेलमध्ये दाबातला चढ-उतार वातावरणाच्या दाबाच्या काही टक्केच असतो. तो २ टक्के धरला आणि पिस्टनचा व्यास १५ मिलिमीटर असला, तर पिस्टनवर येणारा जोर साधारण ३५ ग्रॅम वजनाइतका भरतो. बिस्किटांच्या छोट्या पुड्याएवढ्या या जोरात पिस्टन, दोन क्रँक, बेअरिंग आणि फ्लायव्हील चालवायचे असते. पिस्टन किंचित घासला किंवा गॅस्केटमधून हवा निसटली, की शिल्लक काहीच उरत नाही.

वसईत अडचण का वाढते?

स्टर्लिंग इंजिन तापमानातील फरकावर चालते. १८२४ मध्ये सादी कार्नो यांनी मांडलेल्या सिद्धांतानुसार कोणत्याही उष्णता इंजिनाच्या कार्यक्षमतेला वरची मर्यादा असते आणि ती गरम व थंड बाजूंच्या तापमानावरून ठरते. हे गणित करताना तापमान केल्विनमध्ये, म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवून घेतात.

चहावरची चकती ७० अंशांवर आहे असे समजू. जानेवारीतील सकाळी वरची चकती २० अंशांवर असेल, तर मर्यादा साधारण साडेचौदा टक्के येते. मे महिन्याच्या दुपारी वरची चकती ३४ अंशांवर असेल, तर ती साडेदहा टक्क्यांवर उतरते. चहा तोच, इंजिन तेच. तरीही वरच्या मर्यादेचा चौथ्या हिश्शापेक्षा अधिक भाग केवळ हवामानाने कापला जातो. प्रत्यक्ष मॉडेलची कार्यक्षमता या मर्यादेच्या कितीतरी खाली असते, पण फरक त्याच दिशेने पडतो.

दुसरे उदाहरण अधिक ठळक आहे. एखाद्या मॉडेलला फिरत राहण्यासाठी किमान ३० अंशांचा फरक लागतो असे धरा. खोलीत २२ अंश तापमान असेल तर खालची चकती ५२ अंशांवर येईपर्यंत ते फिरेल. खोलीत ३४ अंश असतील तर चकती ६४ अंशांवर येताच ते थांबेल. चहा ५२ अंशांपर्यंत निवायला लागणारा वेळ ६४ पर्यंत निवण्याच्या वेळेपेक्षा बराच जास्त असतो. वातानुकूलित प्रयोगशाळेत छान फिरणारे मॉडेल घरी किंवा पत्र्याच्या गाळ्यात अडते, त्याचे हे साधे कारण.

त्यात दमट हवेची भर पडते. तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर साधारण २६ अंशांखालच्या कोणत्याही पृष्ठभागावर दव जमू लागते. पावसाळ्यात वसईत अशी हवा नेहमीचीच. पोलादी दांड्याला गंज चढतो, बेअरिंग जड होतात. पाण्याचा पातळ थर पिस्टन आणि काचेच्या सिलिंडरमध्ये बसला, की गुळगुळीत सरकणारा पिस्टन चिकटू लागतो.

ज्योत मोठी केली तर?

गरम बाजूचे तापमान वाढवले की फरक वाढतो, हे खरे. पण मॉडेलमध्ये गरम आणि थंड बाजू एकमेकींपासून काही सेंटिमीटरवरच असतात. ज्योत मोठी केली की उष्णता धातूतून सरकत थंड बाजूकडे जाते आणि थोड्या वेळात तीही तापते.

स्पिरिटच्या दिव्यावर चालणाऱ्या मॉडेलचे उदाहरण घेऊ. गरम टोक ४०० अंशांवर आणि थंड बाजू ६० अंशांवर असेल, तर कार्नोची मर्यादा सुमारे ५० टक्के येते. थंड बाजू तापून १२० अंशांवर गेली, की ती ४२ टक्क्यांच्या आसपास उतरते. सुरुवातीला जोरात धावणारे इंजिन दहा मिनिटांत मंदावते, तेव्हा इंधन कमी पडलेले नसते. थंड बाजू थंड राहिलेली नसते.

चहाच्या मॉडेलखाली तर ज्योत लावूच नये. थर्मोकोल १०० अंशांच्या आतच मऊ पडू लागते, ॲक्रिलिकची भिंतही वाकते. एकदा डिस्प्लेसर वाकडा होऊन भिंतीला घासू लागला, की पुढच्या सगळ्या सुधारणा वाया जातात.

पहिली सुधारणा कोणती? घर्षण कसे मोजायचे?

मॉडेल सुधारण्याची सुरुवात उष्णता न देता करावी. पिस्टनचा दांडा सोडवून फ्लायव्हीलला बोटाने ठराविक झटका द्यावा आणि ते थांबेपर्यंतचे सेकंद मोजावेत. नंतर पिस्टन जोडून, पण हवेची एखादी वाट उघडी ठेवून तेच करावे. दोन्ही वेळांतील तफावत म्हणजे पिस्टन आणि त्याच्या दांड्याचे घर्षण. तिसऱ्यांदा सगळे बंद करून मोजले, की हवा दाबण्यात आणि गळतीत किती जाते, याचा अंदाज येतो. प्रत्येक वेळी पाच वेळा मोजून सरासरी काढावी.

सर्वाधिक फसगत बेअरिंगमध्ये होते. बाजारातले छोटे बॉल बेअरिंग घट्ट ग्रीस भरून येते. पंख्याला किंवा मोटारीला ते योग्य, पण ३५ ग्रॅमच्या जोरावर चालणाऱ्या यंत्राला ते चिखलात चालण्यासारखे. ग्रीस धुऊन काढून शिलाई मशीनच्या पातळ तेलाचा एखादा थेंब पुरतो. धुताना जवळ दिवा किंवा शेगडी नको.

पिस्टनला मात्र तेल लावू नये. छोट्या सिलिंडरमध्ये तेलाचा चिकटपणाच ब्रेक बनतो. म्हणून चांगल्या मॉडेलमध्ये बोरोसिलिकेट काचेच्या सिलिंडरमध्ये ग्रॅफाइटचा पिस्टन असतो. ग्रॅफाइट स्वतःच वंगणाचे काम करते. घरगुती मॉडेलमध्ये काचेची सिरिंज हा चांगला पर्याय, कारण तिचा दट्ट्या आणि नळी मुळातच एकमेकांना जुळवून घासलेली असतात. प्लॅस्टिकच्या सिरिंजचा रबरी दट्ट्या हवा छान अडवतो, पण त्याचे घर्षण या इंजिनाला झेपत नाही.

दांडे एका रेषेत आहेत का, हेही पाहावे. क्रँक किंचित तिरका असेल तर पिस्टन प्रत्येक फेरीत एका बाजूला घासतो. फ्लायव्हील हाताने हळूहळू फिरवताना ते नेहमी एकाच ठिकाणी अडत असेल, तर दोष बहुधा तिथेच असतो.

गळती कशी शोधायची?

घर्षणानंतरचा दुसरा शत्रू गळती. पिस्टनचा दांडा सोडवून इंजिन असे धरावे की पिस्टन स्वतःच्या वजनाने आत उतरेल. तो अगदी सावकाश उतरला तर बंदिस्तपणा चांगला. धपकन खाली गेला तर हवा कुठूनतरी निसटते आहे. साबणाचे पाणी सांध्यांवर लावून पिस्टन हलकेच दाबला, की बुडबुडे जागा दाखवतात. नंतर ते पाणी पूर्ण पुसून वाळवावे.

डिस्प्लेसरचा दांडा झाकणातून बाहेर येतो, ती जागा नेहमीची गुन्हेगार. तिथे घट्ट रबर बसवले की गळती थांबते आणि इंजिनही थांबते. दांडा गुळगुळीत ठेवून त्याभोवतीची नळी थोडी लांब ठेवणे हा मधला मार्ग. लांब आणि अरुंद फटीतून हवेला निसटायला वेळ लागतो आणि तोवर फेरी पूर्ण झालेली असते. काच आणि ग्रॅफाइट यांच्यातही फट असतेच, पण ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या पातळीवर ठेवावी लागते.

घर्षण आणि गळती या दोन्हींत एक कमी केले की दुसरे वाढते. मॉडेल बनवणाऱ्याचे सगळे कसब या दोहोंचा तोल साधण्यात असते.

रचनेत काय तपासावे?

मॉडेल आता सहज फिरते, गळतही नाही, तरी उष्णतेवर चालत नाही, अशी वेळ आली तर रचनेकडे वळावे.

पहिली गोष्ट निष्क्रिय जागेची. डिस्प्लेसरची पेटी आणि पिस्टन यांना जोडणारी नळी, झाकणाखालची पोकळी, सांध्यांतील खाचा या जागेतली हवा ना नीट तापते ना थंड होते. दाबाचा चढ-उतार तिच्यात जिरतो. लांब रबरी नळीने जोडलेला पिस्टन हे शालेय मॉडेल न चालण्याचे नेहमीचे कारण आहे. नळी शक्य तितकी आखूड आणि डिस्प्लेसर दोन्ही टोकांना चकतीच्या अगदी जवळ, पण न टेकता थांबेल असा ठेवावा.

दुसरी गोष्ट पिस्टनच्या आकाराची. मोठा पिस्टन लावला की जास्त शक्ती मिळेल, असे वाटते. कमी फरकावर चालणाऱ्या इंजिनात घडते उलट. कोलिन यांच्या ठोकताळ्यानुसार दाबण्याचे गुणोत्तर ‘१ अधिक तापमानातील फरक भागिले ११००’ इतके असावे. फरक ३३ अंशांचा असेल, तर हे गुणोत्तर १.०३ येते. म्हणजे आतली हवेची जागा १०० घनसेंटिमीटर असेल, तर पिस्टनने एका धावेत ३ घनसेंटिमीटरच्या आसपासच जागा व्यापावी. चहावरच्या मॉडेलचे पोट मोठे आणि पिस्टन बोटभर का असतो, याचे उत्तर इथे आहे. न चालणाऱ्या मॉडेलमध्ये क्रँकची त्रिज्या कमी करून पिस्टनची धाव घटवली, तर अनेकदा ते चालू लागते.

तिसरी गोष्ट कोनाची. डिस्प्लेसर आणि पिस्टनमधला ९० अंशांचा कोन कंपासपेटीतील कोनमापकानेही तपासता येतो. काही अंश इकडेतिकडे चालतात, पण स्क्रू ढिला होऊन कोन सरकला तर इंजिन अडते. इंजिन नेहमी एकाच दिशेने का फिरते, हा प्रश्नही यातूनच सुटतो. चहाऐवजी खाली बर्फ ठेवला, की गरम आणि थंड बाजूंची अदलाबदल होते आणि तेच इंजिन उलट फिरते. चुकीच्या दिशेने झटका देऊन ‘चालत नाही’ म्हणणारे कमी नाहीत.

थंड बाजू थंड कशी ठेवायची?

वसईत सर्वाधिक फायदा इथे आहे. चहाच्या मॉडेलवर वरच्या चकतीवर बर्फाचा तुकडा ठेवला तर मेच्या दुपारीही चित्र पालटते. वरची चकती ५ अंशांच्या आसपास आणि खालची ७० वर असेल, तर कार्नोची मर्यादा साडेदहावरून सुमारे १९ टक्क्यांवर जाते. चहाशिवाय, फक्त ३४ अंशांची खोली आणि वर बर्फ, एवढ्यावरही मर्यादा ९ टक्क्यांच्या पुढे असते. म्हणजे उकाड्यात गरम चहाने जेवढे काम होते, जवळपास तेवढेच नुसत्या बर्फाने होऊ शकते.

पण दमट हवेत बर्फाची किंमत मोजावी लागते. चकतीवर दव जमते आणि दव जमताना सुटणारी उष्णता बर्फ लवकर वितळवते. पाणी ओघळून बेअरिंगमध्ये जाते. आतल्या हवेतील ओलावाही थंड चकतीच्या आतल्या बाजूला बसतो. म्हणून बर्फ उघडा न ठेवता पातळ धातूच्या छोट्या डबीत ठेवावा, प्रयोग संपल्यावर इंजिन उघडून कोरडे करावे आणि ठेवताना डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. दांड्यासाठी साध्या पोलादाऐवजी स्टेनलेस स्टील वापरले तर गंजाचा त्रास बराच कमी होतो.

दिव्यावरच्या मॉडेलमध्ये थंड सिलिंडरभोवती ॲल्युमिनियमच्या पट्ट्या किंवा पाण्याची टाकी उपयोगी पडते. ओल्या कापडाची पट्टीही तात्पुरती चालते. मात्र दमट हवेत पाणी लवकर वाळत नाही, त्यामुळे पुण्यात जेवढा फायदा होईल तेवढा वसईत होणार नाही.

गरम आणि थंड भागांमधला धातू कोणता, हेही महत्त्वाचे. ॲल्युमिनियममधून उष्णता स्टेनलेस स्टीलच्या सुमारे दहापट सहज वाहते. म्हणून उष्णता घेणारी आणि सोडणारी टोके ॲल्युमिनियमची किंवा तांब्याची, पण मधली भिंत पातळ स्टेनलेस स्टीलची, काचेची किंवा ॲक्रिलिकची असावी. ॲल्युमिनियमची एकसंध नळी लेथवर करायला सोपी, पण इंजिनाला घातक.

रीजनरेटर, जड चाक, जास्त दाब यांचा उपयोग होतो का?

स्टर्लिंग यांच्या मूळ पेटंटचा गाभा ‘रीजनरेटर’ हाच होता. गरम हवा थंडीकडे जाताना वाटेतल्या जाळीत उष्णता ठेवते आणि परत येताना उचलते. मोठ्या इंजिनात याचा फायदा प्रचंड. अगदी छोट्या मॉडेलमध्ये डिस्प्लेसरभोवतीची अरुंद फटच हे काम काही प्रमाणात करते. तिथे स्टीलची जाळी ठासून भरली तर हवा अडते आणि वेग घटतो. जाळी घालायचीच तर विरळ घालून, आधीचा आणि नंतरचा वेग मोजून ठरवावे.

जड फ्लायव्हील शक्ती वाढवत नाही. ते शक्ती साठवते आणि चाल सारखी ठेवते. वजन वाढले की बेअरिंगवरचा भारही वाढतो. त्यापेक्षा चाक समतोल असणे महत्त्वाचे. चाक सोडल्यावर दर वेळी तीच बाजू खाली येत असेल, तर समोरच्या बाजूला मातीचा कण चिकटवूनही फरक दिसतो.

मोठ्या स्टर्लिंग इंजिनांत हेलियम किंवा हायड्रोजन उच्च दाबाने भरतात. घरी किंवा महाविद्यालयात हा मार्ग नको. काचेच्या किंवा ॲक्रिलिकच्या मॉडेलमध्ये दाब भरणे म्हणजे फुटण्याला निमंत्रण, आणि हायड्रोजन ज्वालाग्राही आहे. स्पिरिटची ज्योत भर उजेडात जवळपास दिसत नाही, हेही लक्षात ठेवावे. पेटत्या दिव्यात स्पिरिट ओतण्याची चूक जिवावर बेतू शकते.

सुधारणा झाली, हे कसे कळणार?

डोळ्यांनी ‘आता बरे चालते’ असे वाटणे पुरेसे नाही. फ्लायव्हीलवर पांढरा ठिपका लावून स्मार्टफोनच्या स्लो मोशनमध्ये चित्रण केले, की फेऱ्या मोजता येतात. सोबत खोलीचे, वरच्या आणि खालच्या चकतीचे तापमान नोंदवावे. तापमान न लिहिता केलेली तुलना वसईत फसवी ठरते, कारण सकाळी आणि दुपारी खोलीच बदललेली असते.

एका वेळी एकच बदल, हा नियम कटाक्षाने पाळावा. बेअरिंग धुतले, पिस्टनची धाव कमी केली आणि बर्फही ठेवला, तर फायदा कशाने झाला ते कधीच कळत नाही. सगळ्यात उपयुक्त आकडा सर्वाधिक वेगाचा नसतो. चहा निवत असताना चाक नेमके किती अंशांच्या फरकाला थांबले, तो आकडा लिहून ठेवावा. तो ३० वरून २० वर आला, तर इंजिन खरोखर सुधारले.

यावर घराची वीज मिळेल का?

मेणबत्तीवर छोटे स्टर्लिंग इंजिन चालवून घर उजळवल्याचे दावे पाहायला मिळतात. त्यांची शहानिशा एका सूत्राने होते. अमेरिकी अभियंते विल्यम बील यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ठोकताळ्यानुसार, चांगल्या रचनेच्या स्टर्लिंग इंजिनाची शक्ती ‘०.१५ गुणिले सरासरी दाब गुणिले पिस्टनने व्यापलेली जागा गुणिले सेकंदाला फेऱ्या’ इतकी भरते.

वातावरणाचा दाब, ५ घनसेंटिमीटर जागा आणि सेकंदाला १० फेऱ्या धरल्या, तर उत्तर पाऊण वॉट येते. तेही चांगल्या तापलेल्या, उत्तम बनवलेल्या इंजिनासाठी. चहावरचे मॉडेल काही मिलिवॉटच्या पातळीवर राहते. साधा मोबाइल चार्जर ५ वॉटचा, एलईडी दिवा ९ वॉटचा आणि कमी विजेवर चालणारा नवा छतपंखा २८ वॉटच्या आसपास. मॉडेल कितीही सुधारले, तरी हे अंतर भरून निघत नाही. अशा दाव्यावर विसंबून पैसे गुंतवण्याआधी हा गुणाकार करून पाहावा.

मग या तंत्राचा खरा उपयोग कुठे होतो?

मोठ्या प्रमाणावर, उच्च दाबात हेच तत्त्व गंभीर कामे करते. स्वीडनच्या गॉटलंड वर्गातील पाणबुड्या पाण्याखाली दीर्घकाळ राहण्यासाठी प्रत्येकी ७५ किलोवॉटची दोन स्टर्लिंग इंजिने वापरतात. भारताने पाणबुड्यांसाठी वेगळा मार्ग निवडला. अंबरनाथच्या नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळेने, म्हणजे ‘एनएमआरएल’ने, इंधन घटावर आधारित प्रणाली विकसित केली आहे. अमेरिकेत सँडिया प्रयोगशाळेत जानेवारी २००८ मध्ये आरशाच्या तबकडीवर बसवलेल्या स्टर्लिंग इंजिनाने सूर्यप्रकाशापासून ३१.२५ टक्के कार्यक्षमतेने वीज बनवली होती.

इंजिन मोटारीने फिरवले तर चक्र उलटे होते आणि एक टोक अतिशीत होते. या स्टर्लिंग शीतकांनी हवेपासून द्रवरूप नायट्रोजन बनवतात आणि इन्फ्रारेड कॅमेऱ्यांचे संवेदक थंड ठेवतात. आयआयटी मुंबईत अशा शीतकांवर संशोधन होते. चहाच्या कपावर जे शिकायला मिळते, ते गळती, घर्षण, निष्क्रिय जागा आणि उष्णतेची चोरवाट हेच या यंत्रांचेही प्रश्न आहेत.

वसई-विरारला यात काय संधी?

वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे, नवघर या पट्ट्यात छोट्या इंजिनीअरिंग गाळ्यांची दाटी आहे. लेथ, मिलिंग, पत्र्याचे काम, प्लॅस्टिक मोल्डिंग सगळे काही किलोमीटरच्या आत. वसई आणि विरारमध्ये इंजिनीअरिंग महाविद्यालयेही आहेत. पिस्टन आणि सिलिंडर शतांश मिलिमीटरमध्ये जुळवणे पुस्तकातून येत नाही. ते अनुभवी टर्नरच्या हातात असते. आणि तोच पिस्टन इतका लहान का असावा, हे सांगणारे गणित विद्यार्थ्याकडे असते.

तयार मॉडेल विकत आणून प्रकल्प म्हणून मांडले, तर परीक्षा पार पडेल, पण हाती काही लागणार नाही. न चालणारे मॉडेल घेऊन एखाद्या गाळ्यात बसले आणि घर्षण, गळती, रचना, थंड बाजू या क्रमाने एकेक तोटा शोधला, तर त्याच चार नोंदी प्रकल्प अहवालातील सर्वांत भक्कम पान ठरतील. परीक्षा मे महिन्यात आली तर चहाच्या थर्मासबरोबर बर्फाचा डबाही न्यावा.